क्वांटमची बाजू

बॉन्डप्रेमींच्या गप्पांत 'क्वांटम ऑफ सोलेस'चं (२००८) नाव काढा, कुणीतरी नाक मुरडतंच. "नुसती पळापळ, कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही!" खरंय. सुरुवातीचा गाड्यांचा पाठलाग मी तीनदा पाहिलाय, कुठली गाडी कुठे गेली ते अजून सांगता येणार नाही. (बोर्नपटांची लागण, दुसरं काय!) त्यात २००७-०८ चा हॉलिवूडच्या लेखकांचा संप. अर्धवट पटकथेवर शूटिंग उरकलं, ते दिसतं.

पण "स्वतंत्र सिनेमा म्हणून उभाच राहत नाही" हा आक्षेप काही पटत नाही. अहो, तो स्वतंत्र नाहीच! 'कॅसिनो रॉयाल' (२००६) संपतो तिथून तासाभरात हा सुरू होतो. व्हेस्पर गेलीय. बॉन्ड झोपत नाही, पीत बसतो, समोर येईल त्याला मारतो. मॅथिस त्याच्या मिठीत मरतो, आणि हा त्याचं प्रेत कचरापेटीत टाकून चालायला लागतो. बऱ्याच जणांना हे फार खटकतं. मला सगळ्यात खरा क्षण तोच वाटतो. दुःखानं असा कोरडाठाक झालेला माणूस मी जवळून पाहिलाय.

खलनायक फिका आहे म्हणतात. असेल. पण हा ग्रीन बोलिव्हियाचं पाणी अडवतो, आणि त्याच देशात, कोचाबांबाला, पाण्याच्या खासगीकरणाविरुद्ध २००० साली लोक खरोखर रस्त्यावर उतरले होते. लेसर-बिसरपेक्षा मला याची जास्त धास्ती वाटते.

असो. आधीचा १४४ मिनिटांचा आणि हा १०६ मिनिटांचा, दोन्ही एका बैठकीत बघा. कझानच्या बर्फात व्हेस्परची साखळी पडेपर्यंत उठू नका. मग भांडू.