'माझा मुलगा' आणि 'त्याचा मुलगा' : एका अपहरणकथेचे वाचन



रहस्यकथा मराठी वाचकाने भरभरून वाचली आणि मराठी समीक्षेने ती बहुधा उंबरठ्याबाहेर ठेवली. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वाङ्मयेतिहासात मात्र त्यांच्या वाट्याला येते ती उल्लेखापुरती जागा. या उपेक्षेमागे एक गृहीतक आहे. उत्कंठा ही उथळ भावना आहे आणि 'पुढे काय झाले?' याचे उत्तर मिळताच रहस्यकथेचे काम संपते, असे ते गृहीतक. ते मला मान्य नाही. चांगल्या रहस्यकथेत उत्कंठा वाचकाला एका नैतिक प्रश्नापुढे आणून उभी करते आणि तेथून सहजासहजी हलू देत नाही. हे मत आपण एका उदाहरणावर तपासून पाहू. उदाहरण जपानी चित्रपटाचे आहे, परंतु त्यातील पेच मुख्यतः भाषेचा असल्यामुळे भाषा-साहित्याच्या विद्यार्थ्याला तो उपयुक्त ठरेल.

अकिरा कुरोसावा यांचा हा चित्रपट मार्च 1963 मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या जपानी नावाचा अर्थ 'स्वर्ग आणि नरक' असा होतो. जगभर तो 'हाय अँड लो' या नावाने ओळखला जातो. त्याचे कथाबीज अमेरिकन लेखक एड मॅकबेन यांच्या 1959 मधील 'किंग्ज रॅन्सम' या कादंबरीतून घेतलेले आहे. गोंदो हा पादत्राणांच्या कंपनीतील एक संचालक. योकोहामा शहरातील टेकडीवर त्याचे प्रशस्त घर आहे. कंपनी आपल्या ताब्यात यावी म्हणून त्याने घरासकट सर्व काही गहाण टाकून पैसा उभा केला आहे. अशा वेळी दूरध्वनी येतो : तुझ्या मुलाला पळवले आहे, तीन कोटी येन दे. गोंदो क्षणाचाही विलंब न लावता तयार होतो. आणि तेवढ्यात त्याचा मुलगा घरात चालत येतो.

दोन मुले शिपाई आणि दरोडेखोर यांचा खेळ खेळत होती. खेळता खेळता त्यांनी पोशाखांची अदलाबदल केली आणि अपहरणकर्त्याने गोंदोच्या मुलाऐवजी त्याच्या वाहनचालकाचा, आओकीचा मुलगा नेला. चूक कळल्यावरही अपहरणकर्ता मागणी सोडत नाही. पैसे गोंदोनेच द्यायचे आहेत.

येथे थोडे थांबून भाषेकडे पाहा. अर्थविचारात आपण शब्दाचा अर्थ आणि त्याने निर्देशिलेली वस्तू यांत भेद करतो. 'गोंदोचा मुलगा' या पदबंधाचा अर्थ बदललेला नाही. निर्देश मात्र भलत्याच मुलाकडे गेला आहे. धोक्यात असलेले बालक तेवढेच लहान आणि तेवढेच भ्यालेले आहे. बदलले आहे ते केवळ संबंधदर्शक पद : 'माझा' जाऊन 'त्याचा' आले. एवढ्या एका पदाच्या बदलाने क्षणापूर्वी निःशंक असलेला बाप हिशेब करू लागतो. जपानी भाषेत स्वतःच्या मुलाचा उल्लेख 'मुसुको' असा करतात, तर दुसऱ्याच्या मुलाविषयी बोलताना त्याला 'सान' हा आदरदर्शक प्रत्यय जोडतात. आपणही परक्याच्या मुलाची चौकशी 'आपले चिरंजीव काय करतात?' अशी करतो. आपले आणि परके यांतील अंतर भाषा आदराने सांभाळते. त्या अंतराचे मोल किती, हे संकटाच्या वेळी उघडे पडते.

चित्रपटाचा जवळजवळ पहिला निम्मा भाग एकाच दिवाणखान्यात घडतो. तेथे पाठलाग नाही. पत्नीची विनवणी, सहायकाचा स्वार्थ, पोलिसांचे अवघडलेले मौन आणि मालकापुढे लोळण घेणारा आओकी एवढेच आहे. तरीही आपण जागचे हलत नाही, कारण गोंदोचा नकार आपल्याला समजू शकतो. पैसे दिले तर त्याचे आयुष्यभराचे कष्ट बुडणार आहेत. तो दुष्ट असता तर प्रश्न सोपा झाला असता. अखेर तो पैसे देतो, आणि पुढे कंपनी व घर दोन्ही गमावतो. खंडणीच्या बॅगांत पोलिसांना खुणेची रसायने दडवायची असतात, तेव्हा एके काळचा हा कारागीर आपली जुनी हत्यारे काढून जमिनीवर बसतो आणि स्वतःच्या हाताने चामडे उसवून पुन्हा शिवतो. त्याची मूळ माणुसकी दाखवायला एवढी कृती पुरते. त्यासाठी संवाद खर्ची पडत नाहीत.

मुलगा परत मिळाल्यावर उत्तरार्धात गुन्हेगाराचा शोध सुरू होतो, आणि तो शोध म्हणजे बारकाईने ऐकण्याचे व वाचण्याचे काम आहे. दूरध्वनीच्या ध्वनिमुद्रणात मागे विद्युतगाडीचा आवाज येतो. रेल्वेतील जाणकार त्या आवाजावरून नेमका मार्ग ओळखतो. सुटून आलेल्या मुलाने काढलेल्या चित्रावरून त्याला कोठे ठेवले होते याचा अंदाज बांधला जातो. संहितेच्या अभ्यासकालाही हेच करावे लागते : मुख्य विधानाच्या मागे राहिलेले आवाज ऐकावे लागतात.

या वाचनाला वास्तवाचीही एक करुण जोड आहे. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच महिन्याच्या अखेरीस टोकियोमध्ये चार वर्षांच्या एका मुलाचे खंडणीसाठी अपहरण झाले. अपहरणकर्त्याचा ध्वनिमुद्रित आवाज जनतेला ऐकवण्यात आला. भाषाशास्त्रज्ञ हारुहिको किंदाइची यांनी त्यातील बोलीची लकब ऐकून, बोलणारा फुकुशिमाकडील मुलखातील असावा असे अनुमान केले. 1965 मध्ये पकडला गेलेला आरोपी फुकुशिमाचाच निघाला. भाषाशास्त्राचा अभ्यासक म्हणून या अनुमानाचा अभिमान वाटावा, पण तो टिकत नाही. मुलाची हत्या अपहरणाच्या दिवशीच झालेली होती. शास्त्राने आवाज ओळखला. मूल वाचले नाही. दरम्यान 1964 मध्ये खंडणीसाठी अपहरण हा स्वतंत्र गुन्हा म्हणून जपानच्या दंडविधानात समाविष्ट झाला. अपहरणाची कथा वाचताना हे भान सुटता कामा नये. कथेतील मूल घरी परतते, कारण लेखकाला ते परतायला हवे असते.

यापुढचा माझा मुद्दा काहींना रुचणार नाही. या चित्रपटातील सर्वांत कठीण प्रसंग अपहरणाचा नाही. गुन्हेगार ताकेउची याने आपल्या दोन साथीदारांना शुद्ध हेरॉइन देऊन मारले आहे. निव्वळ अपहरणाची शिक्षा अपुरी ठरेल म्हणून पोलीस त्याला लगेच पकडत नाहीत. खुनाचा पुरावा हाती यावा यासाठी त्याला मोकळा ठेवून त्याच्यावर पाळत ठेवतात. तो व्यसनाधीन माणसांच्या एका गल्लीत जातो आणि त्या हेरॉइनची परीक्षा एका स्त्रीवर घेतो. ती मरते. पोलीस जवळपासच असतात.

या स्त्रीला चित्रपटात नाव नाही. तिला 'माझी' म्हणणारे कोणी नाही. आओकीच्या मुलासाठी गोंदोने सर्वस्व दिले, साऱ्या शहराने हळहळ व्यक्त केली. या मृत्यूवर कोणी अश्रू ढाळत नाही. पूर्वार्धात जो प्रश्न गोंदोला विचारला गेला, तोच आता पोलिसांना, आणि गुन्हेगार सापडावा म्हणून श्वास रोखून बसलेल्या आपल्यालाही लागू होतो. त्या गल्लीत आपणही हिशेबच करत होतो. कुरोसावांनी हा प्रश्न मोठ्याने उच्चारलेला नाही. म्हणूनच तो अनेकांच्या नजरेतून निसटतो, आणि ज्यांना सापडतो त्यांना सोडत नाही.

शेवटी तुरुंगात काचेच्या दोन बाजूंना गोंदो आणि ताकेउची समोरासमोर बसतात. हिवाळ्यात गारठणाऱ्या आणि उन्हाळ्यात तापणाऱ्या आपल्या खोलीतून टेकडीवरचे ते घर स्वर्गासारखे दिसे, असे ताकेउची सांगतो. एकाचे प्रतिबिंब काचेवर दुसऱ्याच्या चेहऱ्याशेजारी उमटते. विषमतेने गुन्ह्याचे समर्थन होत नाही, हे चित्रपट जाणतो. विषमता नाही असेही तो म्हणत नाही.

गुन्हेगार कोण हे कळल्यानंतरही जिच्यात काही शिल्लक उरते, ती रहस्यकथा अभ्यासाला पात्र आहे, असे माझे मत आहे. ते आपण तपासून पाहावे. आपल्या गावच्या वाचनालयातील एखादी जुनी रहस्यकथा काढा, शेवट आधी वाचा आणि मग पहिल्या पानापासून सुरुवात करा. उत्कंठा गेल्यावरही पाने उलटावीशी वाटतात का, हे पाहा. आणि त्या कथेत कोणाच्या मरणावर पात्रे थांबतात व कोणाचे मरण ओलांडून पुढे जातात, याची नोंद ठेवा.