रंगांची पेटी घेऊन देशोदेशी

दोस्तांनो, तुमच्या शाळेत चित्रकलेचा तास खरंच होतो का? की गणिताचा धडा मागे पडला म्हणून सर तोच तास मागून घेतात? धनजहून (ता. कारंजा, जि. वाशिम) एका मैत्रिणीनं पत्रात मोठा नेमका प्रश्न विचारलाय. ती लिहिते, "एलिमेंटरीत मला 'ए' ग्रेड मिळाली. आता इंटरमिजिएटला बसायचंय. पण घरी म्हणतात, चित्रं काढून पोट भरतं का?"

प्रश्न आईबाबांचा असला तरी खोटा नाही. म्हणून उपदेश न करता आज एका बाईंची खरी हकिगत सांगतो. मग उत्तर तुम्हीच काढा.

या बाईंचं नाव मग्दा नाखमान. जन्म 1889 चा, रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरातला. मग्दाला लहानपणापासून चित्रांचं वेड. मोठी झाल्यावर ती झ्वांत्सेवा यांच्या कलाशाळेत दाखल झाली. तिथे शिकवायला होते लेऑन बाक्स्त. नाटकांचे आणि नृत्यांचे पडदे, पोशाख रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. 1910 मध्ये ते पॅरिसला गेले आणि त्यांची जागा पेत्रोव-वोदकिन या दुसऱ्या नामवंत चित्रकारानं घेतली. पुढे जगभर गाजलेला मार्क शगाल हासुद्धा त्याच शाळेत शिकून गेला.

बाक्स्त यांचा सगळा भर रंगांच्या शेजारावर. एकटा रंग काहीच नसतो. शेजारचा रंग त्याला खुलवतो, नाहीतर मारून टाकतो. तुम्ही रंगचक्र शिकलात ना? त्यात निळ्याच्या समोर कोण बसतं? नारिंगी! हे दोघे शेजारी आले की दोघेही झळाळतात. 1913 साली मग्दानं मारिना त्स्वेतायेवा या तरुण कवयित्रीचं व्यक्तिचित्र काढलं. कपडे निळे, मागची बाजू नारिंगी. ही मारिना पुढे रशियाची फार मोठी कवयित्री झाली आणि ते चित्रही तिच्याबरोबर प्रसिद्ध झालं.

पण सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. 1917 मध्ये रशियात क्रांती झाली, मागोमाग यादवी युद्ध आलं. शहरात खायला अन्न नाही की शेकायला जळण नाही. अशा वेळी चित्र कोण विकत घेणार? मग्दा एका खेड्यात गेली आणि जंगलखात्याच्या कचेरीत कारकून झाली! पुढे दुसऱ्या एका खेड्यात गावकऱ्यांच्या नाटकांसाठी तिनं पडदे रंगवले. म्हणजे हातातला ब्रश काही सुटला नाही.

मग मॉस्कोत तिला भेटले एक भारतीय. एम. पी. टी. आचार्य, मूळचे मद्रासचे. इंग्रजांविरुद्ध लढणारे क्रांतिकारक. लंडनच्या 'इंडिया हाउस'मध्ये ते आपल्या सावरकरांबरोबर होते. इंग्रजांचे हेर मागे लागल्यामुळे देशोदेशी भटकत होते. दोघांनी लग्न केलं आणि 1922 मध्ये ते जर्मनीत बर्लिनला आले.

तिथेही पैशांची चणचण होतीच. आता मग्दाबाई लोकांची व्यक्तिचित्रं काढून घर चालवू लागल्या. व्लादिमिर नाबोकोव्ह या रशियन लेखकाचं चित्र त्यांनी 1933 मध्ये काढलं. पण त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. मग्दाबाईंचे वडील ज्यू घराण्यातले आणि नवरा सावळा हिंदी माणूस. तिथं राहणं जिवावर बेतलं असतं. पुन्हा गाठोडं बांधलं. आधी स्वित्झर्लंड, आणि तिथून 1936 च्या सुमारास थेट आपली मुंबई!

विचार करा मुलांनो, वय पंचेचाळिशीच्या पुढे, भाषा नवी, उन्हाळा असा की बर्फात वाढलेल्या माणसाचा जीव नकोसा व्हावा. पण बाई हबकल्या नाहीत. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांना माणसं दिसली. कष्टकरी बाया, नर्तकी, लहान मुलं, रस्त्यावरची गरीब माणसं. त्यांचे चेहरे त्यांनी मन लावून रंगवले. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत त्यांची चित्रं लागू लागली. जोडीला चित्रकलेच्या शिकवण्या केल्या.

त्या काळी हिटलरच्या छळातून सुटलेले आणखीही काही कलाप्रेमी मुंबईत आले होते. वाल्टर लँगहॅमर आणि रूडी फॉन लेडन ही त्यातली दोन ठळक नावं. आपल्या तरुण चित्रकारांना त्यांनी मोठा आधार दिला. 1947 मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांनी 'प्रोग्रेसिव्ह' गट स्थापन केला. यातले ह. अं. गाडे आपल्या वऱ्हाडातले बरं का! अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर हे त्यांचं गाव. मग्दाबाई या सगळ्यांहून वयानं मोठ्या, त्याच शहरात शांतपणे आपलं काम करत होत्या.

12 फेब्रुवारी 1951. मुंबईत मग्दाबाईंचं स्वतःचं प्रदर्शन उघडायचं होतं. चित्रं भिंतीवर लागली होती. आणि उद्घाटनाला काही तासच उरले असताना त्यांचा मृत्यू झाला. प्रदर्शन मग त्यांच्या स्मरणार्थ झालं. तीन वर्षांनी आचार्यही गेले, अगदी गरिबीत. चित्रं इकडे तिकडे पांगली, पुष्कळशी हरवली. बाईंचं नावही लोक विसरले. लीना बर्नस्टीन या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंनी ठिकठिकाणची पत्रं आणि चित्रं शोधून त्यांचं चरित्र लिहिलं, ते आलं 2020 मध्ये!

तर, पोट भरतं का? मग्दाबाईंचं नुसत्या चित्रांवर नेहमीच भरलं असं नाही. कारकुनी करावी लागली, शिकवण्या कराव्या लागल्या. पण दोन महायुद्धं आणि एक क्रांती यांत घर, गाव, देश सगळं सुटलं, तरी हातातली विद्या कुणाला काढून घेता आली नाही. रशियात, जर्मनीत, मुंबईत, जिथे जातील तिथे तिनंच चार घास मिळवून दिले आणि माणसंही जोडून दिली. आईबाबा, चित्रकलेच्या तासाचा हिशेब करताना एवढी एक जमेची बाजू जरूर धरा.

आता या आठवड्याचा उद्योग. घरातल्या आजीला, आजोबांना किंवा दुपारी विसावलेल्या शेजारच्या काकूंना पंधरा मिनिटं समोर बसवा आणि त्यांचा चेहरा काढा. खोडरबर दूर ठेवायचा. नाक वाकडं आलं तर येऊ द्या. मग दोन विरोधी रंग निवडा, एक कपड्यांना, दुसरा मागच्या बाजूला. आणि सर्वांत महत्त्वाचं, चित्राच्या मागे तुमचं नाव, चित्रातल्या माणसाचं नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका. पन्नास वर्षांनी ते कुणाच्या हाती पडलं, तर त्यांना कोडं पडायला नको!