गाडीची वही

दसरा जवळ आला की आमच्या गल्लीत दोन भाषांत एकच गडबड सुरू होते. आम्ही म्हणतो खंडेनवमी, शेजारच्या अक्का म्हणतात आयुधपूजा. त्या दिवशी दोघींच्याही दारात धुऊनपुसून गाडी उभी असते. चाकाखाली लिंबू, समोर कोहळा, काचेवर हळदकुंकू, बॉनेटवर झेंडूची माळ. आमच्या पिकअपच्या पूजेत मात्र आणखी एक वस्तू असते, आणि नवा पाहुणा हमखास विचारतो, "वहिनी, ही वही कशाला?"

आज त्या वहीचीच हकीकत सांगते.

आमच्या घरी भाजीचा व्यापार. 2012 च्या दसऱ्याला कर्ज काढून पिकअप घेतली. बेळगावची भाजी गोव्याला जाते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. संध्याकाळी मार्केटात माल भरायचा, रात्री जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि पहाटे म्हापशाच्या बाजारात क्रेट उतरवायचे. आठवड्याला तीन खेपा. जाऊन-येऊन अडीचशेच्या आसपास किलोमीटर. बँकेचा हप्ता, मुलांची फी, सासूबाईंची औषधं, सगळं त्या चार चाकांवर चालायचं.

घरचा हिशेब माझ्याकडे, म्हणून गाडीची वहीही माझ्याकडे आली. आमचा ड्रायव्हर बैलहोंगलचा. मराठी छान बोलतो, पण लिहायचं म्हटलं की कन्नडच. त्यामुळे एक ओळ माझी मराठीत, एक त्याची कन्नडमध्ये. मी 'ऑइल बदलले' लिहायची, तो 'एण्णी' लिहायचा. इंजिन ऑइल वेळच्या वेळी, पाट्यांना ग्रीस, एअर फिल्टर, टायर. दर अमावास्येला सासूबाई लिंबू-मिरची बांधायच्या. गाडीचं आपण काही कमी केलं नाही, असं मला वाटायचं.

2017 चा ऑगस्ट. गोव्यात चवथ चार दिवसांवर आलेली. चवथीला तिकडे भाजीला किती मागणी असते! त्या रात्री कागदावर सव्वा टनाची असलेली गाडी दोन टनांच्या घरात भरली. "एवढ्या एका खेपेचं तर आहे," असं आमचे हे म्हणाले आणि मीही काही बोलले नाही. हप्ता जवळ आला होता.

आपल्या या मार्गाची एक गंमत आहे. भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते. म्हणजे चढाचा ताण इंजिनाला कमी आणि उताराचा सगळा भार ब्रेकवर. त्या रात्री पाऊस, धुकं आणि वर हे वजन. ड्रायव्हर वळणावळणाला ब्रेकवर पाय ठेवून उतरत होता. निम्म्या घाटात पॅडल मऊ लागलं आणि पुढच्या वळणावर थेट तळाला गेलं. त्याने प्रसंगावधान राखून गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन थांबवली. दुसऱ्या बाजूला दरी होती. पहाटे दोनला फोन आला. "वैनी, ब्रेक हिडीलिल्ल." ब्रेक लागला नाही. एवढंच बोलला आणि गप्प झाला. त्याची धाकटी लेक तेव्हा आठ महिन्यांची होती.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी बाटलीत काढलेलं ब्रेक ऑइल मला दाखवलं. काळपट, चहाच्या गाळासारखं. ते म्हणाले, "वहिनी, हे कधी बदललं होतं, बघा वहीत." मी पानं उलटत गेले. पाच वर्षांत ती ओळच नव्हती. माझ्या हातची नव्हती, त्याच्या हातचीही नव्हती.

मग त्यांनी समजावून सांगितलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. नव्या डॉट 3 तेलाला उकळी यायला किमान 205 अंश उष्णता लागते. पाणी मुरत गेलं की हाच आकडा 140 च्या आसपास उतरतो. लांब उतारावर ब्रेक तापतात, तेल उकळतं, पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ मात्र दबते. म्हणून पाय तळाला जातो आणि चाकाला काहीच पोचत नाही. गाडी थंड झाली की पॅडल पुन्हा घट्ट लागतं, आणि आपण म्हणतो, काही झालं नव्हतं! शिवाय वजन दीडपट झालं की ब्रेकला झेलावी लागणारी उष्णताही दीडपट.

इंजिन आवाज करतं, धूर सोडतं, म्हणून त्याच्याकडे लक्ष जातं. ब्रेकचं तेल बिचारं बोलत नाही. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती अशी.

त्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने चार नियम आहेत, मराठीत आणि कन्नडमध्ये. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं आणि लाइनमधली हवा काढून घ्यायची. पावसाळ्याआधी पॅड आणि लायनर उघडून बघायचे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडायचा नाही. आणि चवथ असो की दिवाळी, कागदावरच्या वजनावर एक क्रेट नाही. शेवटचा नियम पाळणं सगळ्यात कठीण गेलं. त्या वर्षी दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. एक परत आलं, एक आलं नाही.

गाडी अजून धावते आहे. साडेतीन लाख किलोमीटरला इंजिन एकदा उघडलं, पाटे दोनदा बदलले. आठ वर्षं झाल्यापासून दरवर्षी फिटनेसला न्यावी लागते. मुलगा म्हणतो, "आई, आता नवी घेऊ." मी त्याच्यापुढे वही ठेवली. वर्षभराची दुरुस्ती आणि नव्या गाडीचा वर्षाचा हप्ता, दोन आकडे शेजारी लिही म्हटलं. त्याने लिहिले, बघितले आणि वही मिटली. ज्या वर्षी पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळ जाईल, त्या वर्षी मीच नवी घ्या म्हणेन.

ड्रायव्हरची ती लेक आता शाळेत जाते. गेल्या खंडेनवमीला बापाबरोबर आली होती. वहीवर हळदकुंकू तिनेच वाहिलं आणि बापाची ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

तुमच्याही घरात पोटाला मिळवून देणारी गाडी असेल. पूजा जरूर करा. पण त्याआधी आज रात्री जेवण झाल्यावर एवढंच विचारा, ब्रेकचं तेल शेवटचं कधी बदललं? घरात कुणालाच आठवलं नाही, तर सकाळी भरलेली गाडी घाटात जाऊ देऊ नका.