एल्मच्या बुंध्यातलं औषध

ऐन जूनमध्ये हिरव्यागार एल्मची एखादीच फांदी पिवळी पडते. पानं वळतात, वाळतात आणि पुढच्या हंगामापर्यंत, कधी काही आठवड्यांतच, उभं झाड खलास होतं. 1920 च्या दशकाच्या आरंभी डच संशोधिका बेआ श्वार्झ यांनी या रोगामागची बुरशी शोधून काढली. सालीखाली वाढणारे भुंगेरे तिचे बीजकण या झाडावरून त्या झाडावर नेतात. बुरशी शिरली की झाड तिला अडवण्यासाठी आपल्याच जलवाहिन्या बुजवू लागतं, आणि शेंड्याला पाणी मिळेनासं होतं.

1970 च्या दशकात याच बुरशीच्या अधिक जहाल भावंडाने ब्रिटनमधले अडीच कोटींहून जास्त एल्म मारले. अमेरिकेत मिनिआपोलिस शहराने 1977 या एका वर्षात सुमारे 31 हजार गमावले. आपल्याकडचा वावळ ज्या कुळातला, त्याच कुळातली ही झाडं.

बुंध्यात बुरशीनाशक टोचण्याचा उपाय या संहारातून पुढे आला. कोकणातल्या बागायतदाराला ही कल्पना परकी वाटणार नाही. नारळावरच्या इरिओफाइड कोळीसाठी कडुनिंबाचं औषध तो मुळावाटे देतोच. एल्मच्या बाबतीत मुळं जिथे फाकतात, तिथे बुंध्याभोवती बारीक भोकं पाडतात आणि पाण्यात मिसळलेलं थायाबेंडाझोल किंवा प्रोपिकोनाझोल दाबाने आत सोडतात. मात्रा खोडाच्या व्यासावर ठरते. भोक उथळच हवं, कारण एल्म पाणी चढवतो ते मुख्यतः सालीलगतच्या सर्वांत नव्या वलयातून. दरवर्षी नवं वलय तयार होतं, म्हणून औषधही पुन्हा द्यावं लागतं. थायाबेंडाझोल पूर्ण मात्रेत दिलं तर साधारण तीन हंगाम पुरतं.

हवेत फवारा उडत नाही, शेजारच्या झाडाझुडपांवर विष पडत नाही, हा मोठा फायदा. ऐतिहासिक किंवा भर रस्त्यावरच्या देखण्या वृक्षासाठी हा खर्च जरूर करावा.

मात्र प्रत्येक भोक ही जखम असते. वर्षानुवर्षं टोचत राहिलं तर लाकूड आतून रंग बदलतं, कुजूही शकतं. शिवाय हे औषध आगाऊ द्यायचं असतं. पर्णभाराचा थोडासाच भाग सुकला असेल तर फांदी छाटून आणि टोचून झाड वाचू शकतं. त्यापुढे आशा ठेवणं व्यर्थ. आणि शेजारच्या दोन एल्मची मुळं जमिनीखाली एकजीव झालेली असली, तर बुरशी त्या वाटेने थेट आत येते. तिथे चर खणून मुळं तोडावीच लागतात.

म्हणून 'इंजेक्शन आहे ना' म्हणत रोगट झाडं उभी ठेवणारं शहर हरतं. भुंगेरे मेलेल्या लाकडात वाढतात, ते लाकूड वेळेत हटवणं हाच पाया. इंग्लंडच्या ब्रायटनने हे निष्ठेने केलं. डोंगर आणि समुद्र यांचा आडोसा होताच, पण रोगट झाड दिसताच तोडण्याची शिस्तही होती. आज तिथे हजारो एल्म उभे आहेत. प्रेस्टन पार्कमधल्या सुमारे चारशे वर्षांच्या जुळ्या एल्मपैकी एकाला रोग जडला, तेव्हा 2019 मध्ये तोही तोडला गेला. दुसरा त्यानंतरही उभा राहिला. एल्मचं सरपण शहरात आणू नका, असं तिथली पालिका नागरिकांना कळकळीने सांगत आली आहे.