शिकवणारे हातही सेवेतच आहेत



आमच्या मंडळीतल्या एक ताई बरीच वर्षं नागपूरला ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या. आता त्या नर्सिंगच्या मुलींना शिकवतात. उपासनेनंतर भेटल्या तेव्हा मी सहज म्हणालो, "बरं झालं ताई, आता जरा आराम." त्या हसल्या नाहीत.

पांढुर्ण्याच्या माणसाला जखम शिवणाऱ्या हातांची किंमत सांगावी लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते आणि फुटलेली डोकी घेऊन माणसं मलमपट्टीला येतात. म्हणून असे हात फळ्याकडे वळले की वाटतं, एक सेवक कमी झाला. मलाही तसंच वाटलं होतं.

मग ताईंनी सांगितलं, त्या काय शिकवतात. हात कोपरापर्यंत कसे धुवायचे, धुतलेले हात कमरेच्या खाली का न्यायचे नाहीत, टाके घालण्याआधी गॉझ, सुया, हत्यारं कशी मोजायची. हे सगळं पुस्तकातही आहे. पण हातमोजा चुकून कुठे लागला, कुणी पाहिलं नाही, डॉक्टर घाईत आहेत, रुग्ण बेशुद्ध आहे, अशा वेळी "थांबा, मला मोजा बदलायचाय" असं म्हणायला कोण शिकवणार?

"भाऊ, नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकदा गप्प बसले होते," ताई म्हणाल्या. "रुग्ण बरा होऊन घरी गेला, पण तोवर मला झोप नव्हती. हे मी प्रत्येक वर्गाला सांगते."

आपली चूक मुलींसमोर कबूल करणं हा आराम नव्हे.

मिरजेचे डॉ. विल्यम वानलेस आठवा. जन्म कॅनडातला. १८८९ साली ते भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं राहिलं. सर्जन म्हणून त्यांचं नाव दूरवर गेलं. नुसती ऑपरेशनं केली असती तरी आयुष्य पुरलं नसतं. तरीही १८९७ मध्ये त्यांनी तिथेच वैद्यकीय शाळा सुरू केली. १९३३ मध्ये ते प्रभूकडे गेले, पण मिरजेतलं काम त्यांच्यानंतरही चालू राहिलं, कारण त्यांनी माणसं तयार केली होती.

निर्गमाच्या १८ व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसतो. सासरा इथ्रो त्याला समजावतो, की अशाने तूही थकशील आणि लोकही. त्यांना शिकव, योग्य माणसं निवड. मोशेने ते ऐकलं. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

अनुभवी सिस्टर गेली की थिएटरमध्ये तिची उणीव भासते, हे खरंच आहे. पण ती भरून काढणारी मुलगी कुणाच्या हाताखाली तयार होणार? पांढुर्णा-सौंसरच्या आपल्या लेकीही नर्सिंगला जातात. त्यांना फक्त पास करणारी नव्हे, खरं बोलायला लावणारी शिक्षिका मिळायला हवी.

म्हणून माझी विनंती आहे. १२ मेला परिचारिका दिनी आपण प्रार्थना करतो, तेव्हा त्यांना शिकवणाऱ्यांचीही आठवण ठेवा. मी ताईंची क्षमा मागितली आहे.

हे प्रभो, कुणी पाहत नसतानाही आमचे हात स्वच्छ राहोत, आणि तसे हात घडवणाऱ्यांना तू बळ दे. आमेन.