गुडघ्यातली दुर्बीण

कबड्डी खेळताना किंवा स्कूटर घसरून गुडघा पिरगळला आणि आतलं ‘एसीएल’ हे लिगामेंट तुटलं, की अनेकांना दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलं जातं. दोन-तीन छोटी छिद्रं पाहून घरच्यांना हायसं वाटतं. पण छिद्रं छोटी म्हणून ऑपरेशन छोटं नसतं!

1918 मध्ये टोकिओत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायच्या दुर्बिणीनं मृतदेहाचा गुडघा आतून पाहिला. आजची दुर्बीण जेमतेम 4 मिलिमीटर जाडीची असते. सलाइन सोडून सांधा फुगवतात. त्यामुळे जागा होते, रक्तही धुतलं जातं. भिंग 30 अंश तिरकं असल्यानं दुर्बीण जागच्या जागी फिरवली तरी आजूबाजूचं दिसतं. अडचण येते ती मांडीच्या हाडाच्या मागच्या कडेशी. बाहेरच्या बाजूच्या छिद्रातून ती नीट दिसत नाही आणि नव्या लिगामेंटसाठी बोगदा तर तिच्याजवळच पाडायचा! तो थोडा पुढे पडला, तर गुडघा वाकवताना नवं लिगामेंट ताणलं जातं, पुढे सैलही पडतं. म्हणून बरेच सर्जन दुर्बीण आतल्या बाजूच्या छिद्रातून घालतात किंवा 70 अंशांचं भिंग वापरतात.

टाके दोन आठवड्यांत निघतात. मैदानावर परतायला मात्र साधारण नऊ महिने लागतात.