कुलूप न उघडता हिशेब

माझ्या मावशीच्या रक्तात साखर निघाली, ही बातमी आम्हां घरच्या मंडळींच्या आधी औषध विकणाऱ्या एका इसमाला कळली. सकाळी तिने रक्त दिले, संध्याकाळी अहवाल हातात पडतो न पडतो तोच फोन, "ताई, शुगरवर आमच्याकडे खात्रीचा उपाय आहे!" मी तपासणीच्या ठिकाणी जाऊन विचारले. त्यांनी कानांवर हात ठेवले. मावशी मात्र शांत. म्हणाली, "अरे, हिशेब करून घ्यायचा तर आकडे दाखवावेच लागतात."

वाचकहो, मावशीचे हे वाक्य आपण सर्वांनीच निमूटपणे मान्य केलेले आहे. बँक, विमा, दवाखाना, शिष्यवृत्तीचा अर्ज, कुठेही जा. काम करून हवे असेल तर आधी पोट उघडे करून दाखवायचे. पण हे खरोखरच अटळ आहे काय? १९७८ साली रिव्हेस्ट, एडलमन आणि डर्टूझोस या तीन शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. माहिती कुलूपबंद असतानाच, कुलूप न काढता, तिच्यावर आकडेमोड करता येईल का? या विद्येला 'होमोमॉर्फिक एन्क्रिप्शन' असे जडजंबाल नाव आहे. नावाला घाबरू नये. आत शाळेतलाच भागाकार आहे.

समजा, माझी गुप्त किल्ली १०१३ हा आकडा आहे. मला ७ लपवायचे आहेत. मी १०१३ ची २५ पट घेतो, त्यात ७ मिळवतो आणि २५३३२ लिहून देतो. १२ लपवायचे तर ४१ पट घेऊन ४१५४५ लिहून देतो. हिशेबनिसाने या दोन आकड्यांची बेरीज केली, ६६८७७. मी घरी येऊन तिला १०१३ ने भागले, बाकी उरली १९. सात आणि बारा एकोणीस! त्याने गुणाकार केला तर १,०५,२४,१७,९४० येतील. भागून पाहा, बाकी ८४ च उरते. बिचाऱ्या हिशेबनिसाला ना सात ठाऊक, ना बारा, ना चौऱ्याऐंशी.

अर्थात एवढ्यावर भागत नाही. असे आकडे जमवून कोणी हुशार मुलगा माझी किल्ली शोधून काढील. म्हणून खऱ्या पद्धतीत धान्यात मुद्दाम थोडा कोंडा मिसळतात. बेरजेत हा कोंडा थोडा वाढतो, गुणाकारात मात्र भराभर. आणि अखेर धान्य कोणते नि कोंडा कोणता हे किल्लीच्या धन्यालाही कळेनासे होते. इथे हे शास्त्र तीस वर्षे अडून बसले होते. तोड काढली २००९ साली स्टॅनफर्डच्या क्रेग जेंट्रीने. (हा गृहस्थ आधी वकील होता, हे कला शाखेतल्या मित्रांच्या कानावर मुद्दाम घालतो.) त्याची युक्ती अशी : कोंडा वाढला की ती पेटी तशीच दुसऱ्या पेटीत ठेवायची, पहिलीची किल्लीही कुलूपबंद करून आत द्यायची आणि यंत्राने आतल्या आत पहिले कुलूप काढायचे. बाहेरचे कुलूप कायम, आणि कोंडा पाखडला गेलेला!

पण वर पाहिलेत ना? ८४ हा दोन अंकी आकडा लपवायला दहा अंक खर्ची पडले. खऱ्या पद्धतीत हा पसारा अवाढव्य होतो. २०११ साली जेंट्री आणि शाई हालेवी यांनी ही पद्धत यंत्रावर चालवून दाखवली, तेव्हा एका पाखडणीला लहान मापात अर्धे मिनिट आणि मोठ्या मापात अर्धा तास लागे; मोठ्या मापाची जाहीर किल्ली दोन गिगाबाइटांहून मोठी. रुग्ण बरा होऊन घरी जायचा, तरी हिशेब चालूच!

पुढे वेग आला. एका माणसासाठी अख्खी एस.टी. पळवण्याऐवजी ती भरून पाठवावी, तसे एकाच पेटीत हजारो आकडे बसवून सर्वांवर एकदम क्रिया करण्याची तोड निघाली. २०१४ साली दुकास आणि मिचान्चो यांनी पाखडणी एका सेकंदाच्या आत आणली. २०१६ साली किलोत्ती आणि सहकाऱ्यांनी सेकंदाच्या दहाव्या भागात. २०१७ मध्ये सोलच्या चॉन आणि मंडळींनी अंदाजे उत्तरावर समाधान मानण्याचा व्यवहारी मार्ग काढला. मावशीची साखर १४२ की १४२.०००१, याने वैद्याचे काय अडते? यातली बरीच मजल वेगवान यंत्रांनी नव्हे, नव्या कल्पनांनी मारली, हे 'यंत्रे आपोआप सुधारतीलच' म्हणणाऱ्या माझ्या संगणक विभागातल्या मित्राने ध्यानात घ्यावे.

तरीही उघड्या हिशेबाच्या मानाने हा बंद हिशेब अजून अनेक पटींनी संथ आणि खर्चिक आहे. माझे म्हणणे असे की, हा वेगाचा प्रश्न केवळ इंजिनिअरांचा नाही. उद्या आपण दवाखान्याला म्हटले, "माझे आकडे न पाहता हिशेब करा," तर उत्तर ठरलेले आहे : "कल्पना उत्तम, पण परवडत नाही." आणि न परवडणारी गोष्ट कोणाच्या वाट्याला येत नाही, हे आम्हां अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कोणी शिकवायला नको. २०२४ साली ॲपल कंपनीने ही विद्या आयफोनमध्ये आणली. फोन कोणाचा आला हे सर्व्हरला विचारायचे, पण तो क्रमांक सर्व्हरला कळू द्यायचा नाही. छान! पण ही सोय महागड्या फोनवाल्याला मिळाली. मावशीच्या जुन्या फोनवर औषधवाला तसाच वाजतो आहे.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. कायद्याचा मुख्य भर संमतीवर. आता रक्त द्यायला रांगेत उभ्या असलेल्या बाईची संमती ती काय! कागद पुढे सरकवला की सही. त्यापेक्षा माहिती त्यांच्या हाती उघडी पडलीच नाही तर? म्हणून हा हिशेब स्वस्त करण्याचे संशोधन सरकारी पैशाने, आपल्या विद्यापीठांत व्हावे आणि त्याची फळे सर्वांना खुली असावीत, असे मला वाटते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने २०२१ साली खास यासाठी चिप बनवून घेण्यावर खर्च सुरू केला. त्यांना त्यात काहीतरी दिसले असेलच ना?

मी या विद्येचा भाट नाही. हिशेबनिसाने मुद्दाम चुकीची बेरीज केली तर हे कुलूप त्याला पकडून देत नाही. किल्ली ज्याच्या हाती, उत्तर त्याच्या हाती. तेव्हा किल्ली दवाखान्याची की रुग्णाची, हे भांडण उरतेच. शिवाय नमुना मुळात त्यांच्याच यंत्रात तपासला जातो, तिथे गणित काय करणार? पण निदान तो अहवाल पुढे ज्या दहा ठिकाणी हिशेबाला फिरतो, तिथे तरी तो बंद जाईल.

गेल्या महिन्यात मावशी पुन्हा तपासणीला गेली. अर्जावर मोबाइल क्रमांकाचा रकाना होता. तिने माझा क्रमांक लिहिला. आता ते फोन मला येतात.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)